आक्कांची निवळी

एखाद्या जंतूला आपल्या नदीचं नाव मिळालं तर आनंद मानावा की दुःख, याबद्दल शासनाचं परिपत्रक नाही. त्यामुळे २०३८च्या डिसेंबरात राज्य प्रतिजैविक समितीनं औषधांना दाद न देणाऱ्या एका नव्या जंतूला 'कृष्णाकाठ प्रकार' असं नाव दिलं, तेव्हा मिरजेत दोन्ही झालं. एका मंडळानं निषेधाचा मोर्चा काढला. दुसऱ्या मंडळानं, नदीचंच का, मिरजेचं नाव का नाही, म्हणून मोर्चा काढला. दोन्ही मोर्चे चौकात समोरासमोर आले आणि चहाच्या गाड्यापाशी एकमेकांत मिसळून गेले.

या गडबडीत एक बारीकशी गोष्ट राहून गेली होती. तो जंतू अजून कोणी पाहिला नव्हता. तो आहे, असं फक्त मध्यस्थाचं म्हणणं होतं.

मध्यस्थ म्हणजे मिरजेच्या दंडवते रुग्णालयाच्या सूक्ष्मजीव प्रयोगशाळेतलं कपाटाएवढं यंत्र. कागदोपत्री त्याचं नाव 'संयुक्त प्रतिजैविक निर्णय प्रणाली'. पण दिवसभर ते दोन-दोन औषधांच्या जोड्या जुळवत बसायचं, म्हणून लॅबनं त्याचं नाव मध्यस्थ ठेवलं. रुग्णालयात मुक्काम ठोकून बसलेले जंतू एकेकट्या औषधाला आता भीक घालत नाहीत. पण दोन औषधं बरोबर पाठवली तर कधीकधी काम होतं. एक जंतूची भिंत फोडतं, दुसरं त्या भगदाडातून आत शिरून त्याचा भटारखाना बंद पाडतं. मात्र कुठल्याही दोघांचं जमत नाही. काही जोड्या एकमेकांना मदत करतात, काही एकमेकांकडे पाहतही नाहीत आणि काही आपसातच भांडत बसतात, त्यात जंतूची चंगळ होते.

पूर्वी हे हातानं तपासायचे. प्लॅस्टिकची एक ताटली, तिच्यात आठ ओळी आणि बारा रांगांमध्ये शहाण्णव खळगे. एक औषध डावीकडून उजवीकडे निम्मं-निम्मं होत जायचं, दुसरं वरून खाली. प्रत्येक खळग्यात जंतू सोडायचे आणि अठरा तास थांबायचं. खळगा गढूळ झाला तर जंतू वाढला, नितळ राहिला तर मेला. एका जोडीला एक ताटली आणि एक दिवस. मध्यस्थ हेच काम सुईच्या टोकाएवढ्या थेंबांत करायचा. साठ औषधांच्या एक हजार सातशे सत्तर जोड्या चार तासांत तपासून तो सर्वांत चांगली जोडी सांगायचा. शिवाय राज्यातल्या दोनशे बारा रुग्णालयांमधले असेच मध्यस्थ आपसात बोलायचे. कुठली जोडी कुठे यशस्वी झाली, कुठे फसली, हे एकमेकांना कळवून शहाणे व्हायचे. निदान तशी योजना होती.

सुलक्षणा चौगुले या लॅबमध्ये बावीस वर्षं होती. तिनं शहाण्णव खळग्यांचे दिवसही पाहिले होते. मध्यस्थ आल्यापासून तिचं काम त्याला नमुने भरवणं आणि त्याची भिंगं पुसणं एवढंच उरलं होतं. घरी तिच्या सासूबाई, म्हणजे आक्का, एक म्हैस पाळून होत्या. म्हशीचं नाव राणी. सून पगार घेऊन जंतू पाळते, हे आक्कांना लग्नापासून पटलेलं नव्हतं.

"पाळायचंच होतं तर दूध देणारं काहीतरी पाळायचं," त्या म्हणायच्या.

आता त्या जंतूंपैकी एक आप्पांच्या उजव्या गुडघ्यात शिरला होता.

आप्पा म्हणजे सुलक्षणाचे सासरे. एकतीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झालेले. सवय अशी की गाडी कोणीही चालवो, शेजारी बसलेल्या आप्पांचा उजवा पाय वळणावर ब्रेक दाबायचा. गुडघा बदलून घेतला तो त्याच पायाचा, आणि शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी तिथे पू झाला. मध्यस्थानं चार तासांत जोडी काढून दिली. एक इंजेक्शन, भिंत फोडायला. एक कॅप्सूल, टेट्रासायक्लिनच्या कुळातली, आत शिरायला. जुळणी अठ्ठ्याण्णव टक्के.

नऊ दिवस झाले. ताप एकशे दोनवरून हलला नाही. शुक्रवारी सकाळी डॉ. इनामदारांनी सुलक्षणाला वॉर्डाबाहेर बोलावलं. इनामदार हाडांचे सर्जन. वाईट बातमी सांगताना ते पेनाचं टोपण उघडझाप करायचे.

"सोमवारी दहा वाजता घेतोय," ते म्हणाले. "मांडीपासून. थांबलो तर विष रक्तात जाईल, मग पाय वाचवायला माणूसच राहणार नाही."

"पण सर, जोडी चांगली आहे. मी ताटलीवरही करून पाहिलीय."

"तुमच्या ताटलीत चांगली आहे. तुमचा मध्यस्थच सांगतोय की जंतू बदलला. कृष्णाकाठ प्रकार. बघा." त्यांनी फोनवर राज्याचा नकाशा दाखवला. ही जोडी जिथे जिथे फसली तिथे लाल ठिपके होते. कृष्णा, वारणा, पंचगंगा या नद्यांच्या काठानं ठिपक्यांची नुसती रांगोळी. "सोमवारी सकाळी समितीचे पुंडेसाहेब इथेच येतायत. ही जोडी अख्ख्या राज्याच्या यादीतून काढणार."

"राखीव औषध देता येईल का?"

"ते राज्यात चाळीस जणांपुरतं आहे आणि मागणारे चारशे. आप्पांचा नंबर लागेपर्यंत..." टोपण उघडलं, मिटलं.

सुलक्षणा लॅबमध्ये परत आली. आप्पांच्या गुडघ्यातला जंतू तिनं स्वतः वाढवला होता. काल पुन्हा ताज्या पुवातून काढून ताटलीत घातला, तर त्या जोडीपुढे तो अठरा तासांत साफ झोपला होता. जंतू बदलला असता तर ताटलीतही बदललेला दिसला असता. तो ताटलीत मरतो आणि आप्पांच्या पायात मरत नाही, एवढंच खरं होतं. मग ताटलीत आहे आणि आप्पांमध्ये नाही, असं काय?

तिला एक विस्मरणात गेलेली चाचणी आठवली. औषध बाटलीतून न घेता रुग्णाच्याच रक्तातून घ्यायचं. डोस दिल्यावर दोन तासांनी रक्त काढायचं, ते गोठलं की वर राहणारं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, निम्मं-निम्मं पातळ करत खळग्यांत घालायचं आणि त्याच रुग्णाचा जंतू त्यात सोडायचा. रक्तात औषध असेल तर खळगा नितळ. मध्यस्थाला हे करायला सांगितलं तर त्यानं पडद्यावर नम्रपणे उत्तर दिलं: 'औषधाचे नाव भरावे. रुग्णाचे रक्त हे यादीतील औषध नाही.'

"बरं बाबा," सुलक्षणा म्हणाली आणि तिनं कपाटातून जुनी ताटली काढली.

शनिवारी सकाळी सहाला तिनं ताटली उजेडात धरली. पहिला खळगा जेमतेम फिका. बाकी सगळे ताकासारखे गढूळ. म्हणजे इंजेक्शन रक्तात होतं, एकटंच भिंती फोडत बसलं होतं. कॅप्सूलचा पत्ता नव्हता. नऊ दिवसांत अठरा कॅप्सूल तोंडात गेल्या होत्या आणि रक्तात एकही पोचली नव्हती.

वॉर्डात सिस्टर रूथ आवळे होत्या. त्यांनी आरोप शेवटपर्यंत ऐकूनही घेतला नाही.

"मी कॅप्सूल चुकवीन? मी? जीभ वर करायला लावते मी पेशंटला! हा चार्ट बघा. सकाळी आठ, रात्री आठ, एक पेला पाण्याबरोबर. सह्या माझ्या आहेत."

चार्ट खरा होता. सिस्टर खऱ्या होत्या. आठ वाजत आले होते, म्हणून सुलक्षणा आप्पांच्या खाटेपाशी स्टूल घेऊन बसली. सिस्टरनी कॅप्सूल दिली, पाणी दिलं, जीभ वर करायला लावली, सही केली आणि विजयी मुद्रेनं पुढच्या खाटेकडे गेल्या. आप्पा डोळे मिटून पडले. आक्का पायथ्याशी बसून घड्याळाकडे पाहत होत्या. सव्वाआठ झाले तशा त्या उठल्या, पिशवीतून थर्मास काढला आणि पितळी पेल्यात वाफाळतं, पिवळंजर्द दूध ओतलं.

"आक्का, हे काय?"

"राणीचं. धार काढून, हळद-साखर घालून आणलंय. घ्या हो, पाठ उचला."

"थांबा. रोज देता?"

"दोन्ही वेळेला. पहिल्या दिवसापासनं. एवढी उष्ण औषधं ही, पोटात भडका उडंल नुसता. त्याला गार करायला नको काही?"

"सिस्टरनी विचारलं नव्हतं तुम्हाला दुधाबद्दल?"

"विचारलं की. गोळीबरोबर दूध देता का म्हणाली. म्हटलं, नाही. गोळी पाण्याबरोबर. दूध पंधरा मिनिटं थांबून." आक्कांनी सुनेकडे रोखून पाहिलं. "खोटं बोलले का मी?"

नव्हत्या बोलल्या. हीच तर पंचाईत होती. चार्ट, सिस्टर, आक्का, मध्यस्थ, सगळे खरं बोलत होते आणि आप्पांचा पाय चालला होता.

सुलक्षणानं आक्कांना व्हरांड्यात नेलं आणि समजावलं. दुधात कॅल्शियम असतं. त्याला ही कॅप्सूल दिसली की ते तिला असं घट्ट धरतं की दोघं मिळून आतड्याच्या भिंतीतून पलीकडे जाऊच शकत नाहीत. पंधरा मिनिटांनी कॅप्सूल पोटातच असते. मध्यस्थानं जुळवलेली जोडी दूध वाटेतच मोडत होतं.

आक्कांनी सगळं ऐकलं. मग त्यांचा आवाज चढला.

"म्हणजे माझ्या राणीच्या दुधानं यांचा पाय सडला, असं म्हणतीस तू?"

"असं नाही, आक्का..."

"मग कसं? ते मशीन म्हणतंय जंतू. सर्जन म्हणतोय जंतू. पेपरात आलंय जंतू. आणि घरची सून म्हणतीय सासूचं दूध! याच दुधावर त्या माणसानं एकतीस वर्षं एसटी चालवली. एकदा तरी बंद पडला?"

"सोमवारपर्यंत फक्त दूध नको. एवढंच मागते."

आक्कांनी थर्मासचं झाकण इतकं घट्ट लावलं की ते पुढे उघडायला पक्कड लागली. "नाही देत. पण सोमवारी पाय गेला, तर सुनेच्या हट्टानं गेला, असं मी बारा गावांत सांगीन."

"सांगा. पण आधी ताटलीत दाखवते तुम्हाला. औषधांची जोडी, आप्पांचा जंतू आणि राणीचं दूध." आणि मग ती अडली. "फक्त... दूध घातलं की सगळे खळगे पांढरेच दिसणार. नितळ कुठला, गढूळ कुठला, कळणार कसं?"

आक्कांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता, पण एकवीस वर्षांत प्रथमच थोडी दयाही होती.

"फाडून निवळी घे की. एवढं शिकलीस आणि दूध नासवता येईना?"

सुलक्षणा पाहतच राहिली. दूध लिंबानं फाडलं की चोथा बाजूला होतो आणि कॅल्शियम बरंचसं खालच्या हिरवट, नितळ पाण्यात उतरतं. ज्या पदव्या तिच्याकडे होत्या त्यांपैकी एकीनंही हे सुचवलं नव्हतं. तासाभरात आक्का पातेलं घेऊन लॅबच्या दारात आल्या. पंच्यातून तीनदा गाळलेली निवळी. सुलक्षणानं सोडा घालून तिचा आंबटपणा मारला, कारण आंबटानंच जंतू मेला असं कोणी म्हणायला नको. मग बारीक गाळणीतून ती निर्जंतुक करून घेतली. एका रांगेत नुसती निवळी आणि जंतू, एकीत औषधांची जोडी आणि जंतू, एकीत तिन्ही.

"हे खळगे एवढे लहान का?" आक्का दारातूनच म्हणाल्या. आत येणार नाही, असं त्यांनी ठरवलेलं होतं.

"कमी खर्चात जास्त जंतू मरावेत म्हणून."

"हं," आक्का म्हणाल्या आणि एक पाऊल आत आल्या.

रविवारी सकाळी ताटली दोघींनी मिळून पाहिली. नुसत्या निवळीत जंतू मजेत वाढला होता. नुसत्या जोडीत रांग आरशासारखी नितळ. तिन्ही होती ती रांग गढूळ. आक्कांनी चष्मा काढला, पुसला, लावला आणि पुन्हा पाहिलं. मग त्या स्टुलावर बसल्या.

"नऊ दिवस," त्या म्हणाल्या. "नऊ दिवस मीच त्या मेल्याला पोसलं."

"तुम्ही आप्पांना पोसलंत. तो मधल्यामध्ये जेवून गेला."

आक्का हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आता काय राहिलंय?"

"आज दहा वाजता आप्पांचं रक्त पुन्हा घेते. काल रात्रीची आणि आजची कॅप्सूल दुधाविना गेलीय. ती रक्तात पोचली का, ते उद्या सकाळी कळेल."

"आणि नाही पोचली तर?"

सुलक्षणानं सुईचं पाकीट आणि रिकामी नळी खिशात टाकली.

दुपारी ती घरी जेवायला आली तेव्हा नवरा धनंजय भाकरी खात होता. तो दूध संघात संकलनाच्या गाड्या पाहायचा. सुलक्षणानं फोन ओट्यावर टेकवला. पडद्यावर कृष्णाकाठ प्रकाराचा नकाशा उघडाच होता.

धनंजय थबकला. "आमची केंद्रं तुझ्या फोनात कशी?"

"कसली केंद्रं?"

"ही बघ. सगळी आमची दूध संकलन केंद्रं." त्यानं भिंतीवरच्या दूध संघाच्या कॅलेंडरकडे बोट केलं. खाली छापलेल्या नकाशावर तसेच ठिपके, तशीच रांगोळी. फक्त तिथे ते हिरवे होते आणि मध्यभागी हसणारी म्हैस होती.

सोमवारी सकाळी सहा वाजता सुलक्षणानं आप्पांच्या सीरमची ताटली उजेडात धरली. पहिला खळगा नितळ. दुसरा नितळ. तिसरा, चौथा, पाचवा. सहाव्यापासून पुढे गढूळ. म्हणजे ते पाणी सोळा पट पातळ केलं तरी जंतूला पुरून उरत होतं. ती ताटली छातीशी धरून वॉर्डाकडे पळाली. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, सांडायचं काही हातात असताना, तेही जिन्यावरून.

ताप शंभरावर आला होता. इनामदारांनी थर्मामीटर दोनदा लावला. ताटली तीनदा पाहिली. पेनाचं टोपण मिटलं आणि पेन खिशात गेलं.

"तीन दिवस थांबतो," ते म्हणाले. "थिएटर दुसऱ्या कोणाला द्या."

डॉ. पुंडे नऊ वाजता आले. समितीचे अध्यक्ष, गळ्यात ओळखपत्र, मागे दोन सहायक आणि एक छायाचित्रकार. सुलक्षणानं त्यांच्यापुढे दोन ताटल्या आणि एक कॅलेंडर ठेवलं. माणूस हुशार होता. पाच मिनिटांत त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे कृष्णाकाठ प्रकार..."

"मध्यस्थाची चूक नाही, सर. जोडी फसली की तो कारण विचारतो. भरायला तीनच पर्याय आहेत. जंतू, औषध, यंत्र. औषध ठीक, यंत्र ठीक. मग सगळ्यांनी जंतूवर टिचकी मारली. इतक्या ठिकाणांहून जंतू-जंतू असं ऐकल्यावर त्यानं एक जंतू तयार केला."

"चौथा पर्याय घालावा लागेल," पुंडे हळूच म्हणाले. अधिकार त्यांचाच होता. त्यांनी मध्यस्थाच्या पडद्यावर आपला परवलीचा संकेत टाकला आणि मग थांबले. समितीची मुदत अजून दोन वर्षं होती. "पण बाई, एका केसवरून राज्याचा निर्णय फिरवायचा? आणि कारण म्हणून लिहायचं काय? 'नातेवाइकांचा चुकीचा आहारविषयक हस्तक्षेप'? लोकांना वाईट वाटेल. तुमच्याच घरातलं आहे हे. नावानिशी नोंद राहील."

सुलक्षणानं मागे पाहिलं. दारात आक्का उभ्या होत्या. बारा गावांत काय सांगायचं, ते त्यांच्या हातात होतं. ताटलीची नोंद खोटी ठरवायलाही त्यांचं एक वाक्य पुरलं असतं.

"लिहा," आक्का म्हणाल्या. "माझ्या नावानं लिहा."

"आजी, तुम्हाला कळतंय का, हे राज्यभर..."

"राज्यभर माझ्यासारख्या थर्मास घेऊन बसल्यात. त्यांचे नवरे पण खाटेवर आहेत. त्यांना कोण सांगणार, तुम्ही? तुमचं ऐकतील त्या?" आक्का आता लॅबच्या मधोमध आल्या होत्या. "सिस्टर विचारते, गोळीबरोबर दूध देता का. अहो, तसं विचारायचंच नाही. विचारायचं, गोळीनंतर काय देता? मग बघा, सगळ्या जणी घडाघडा सांगतील. अभिमानानं सांगतील."

पुंड्यांनी मान खाली घातली आणि टंकायला सुरुवात केली. 'नातेवाइकांचा' एवढं लिहिल्यावर पडदा लाल झाला. चौकटीत पाचच अक्षरं मावत होती.

"मग?" सहायक म्हणाला.

पुंड्यांनी आक्कांकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि लिहिलं: आक्का.

दुपारपर्यंत दोनशे बारा मध्यस्थांनी आपापल्या फसलेल्या केसमध्ये नवा प्रश्न विचारला: गोळीनंतर काय देता? संध्याकाळपर्यंत नकाशावरचे लाल ठिपके एकेक करून रंग बदलू लागले. जोडी यादीत राहिली. राखीव औषधासाठी थांबलेल्यांपैकी निम्म्यांना ते लागलंच नाही. 'कृष्णाकाठ प्रकार' हे नाव मात्र अजून मागे घेतलेलं नाही. एकदा दिलेलं नाव मागे घेण्याची तरतूद नियमांत नाही, त्यामुळे तो जंतू अचानक कुठे गेला हे शोधायला समितीला तीन वर्षांची मुदतवाढ मिळाली.

आक्का आता आठवड्यातून दोन दिवस वॉर्डाच्या दारात बसतात. पगार नाही, पद नाही, पण त्यांच्या तपासणीतून एकही थर्मास सुटत नाही. दूध दुपारी दोन वाजता, कॅप्सूलपासून लांब, असा त्यांचा कायदा आहे. सिस्टर रूथसुद्धा पाळतात.

आप्पांना एकविसाव्या दिवशी घरी सोडलं. डॉ. इनामदारांनी कागदावर लिहून दिलं: आणखी सहा आठवडे कॅप्सूल, दूध शक्यतो टाळावे. आप्पांनी तो कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि सुलक्षणाला जवळ बोलावलं.

"सूनबाई, हे सहा आठवड्यांऐवजी कायमचं करता येईल का?"

"का हो?"

"मला दूध आवडत नाही." त्यांनी आक्कांकडे चोरटी नजर टाकली. "त्रेपन्न वर्षं झाली. सांगायला कधी जमलंच नाही."

धनंजय गाडी चालवत होता. आप्पा त्याच्या शेजारी, पाय लांब करून, मागे सुलक्षणा आणि आक्का. साखर कारखान्याच्या वळणावर समोरून उसाची ट्रॉली आली. धनंजयला ब्रेक लावायला किंचित उशीर झाला.

मागून दोघींनी पाहिलं. आप्पांचा उजवा पाय, टाक्यांचा, नव्या गुडघ्याचा, आपला आपण पुढे गेला आणि गाडीच्या रिकाम्या पत्र्यावर कचकन दाबला गेला.

"आई गं," आप्पा कळवळले. मग धनंजयकडे वळून म्हणाले, "गाडी चालवतोस की विमान?"

आक्कांनी सुनेचा हात घट्ट धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.